नऊ इंच कमी भरलेलं घर

मी माफी मागितलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या जिन्यातून सध्या जी हकिगत वरखाली फिरते आहे तिच्यात मी घरमालकापुढे हात जोडल्याचा एक प्रसंग कुणीतरी घुसडला आहे. मी हात जोडणं शक्यच नव्हतं. माझ्या दोन्ही हातांत तेव्हा टेपा होत्या.

आम्हाला घर बदलायचं होतं ते आईसाठी. आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नाही, पायऱ्या बहात्तर, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. आठ महिन्यांपूर्वी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून मी दोन हमाल बोलावले. त्यांनी तिला खुर्चीत बसवून उचललं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुढचा मागच्याला म्हणाला, "जरा तिरकं कर, कोपरा लागेल." बिचारा सवयीने बोलला. पण आईला ते झोंबलं. वर परत आल्यावर तिने जाहीर केलं, "मी कपाट नाही. पुन्हा मला कुणी उचलायचं नाही." त्यानंतर ती खाली उतरली नाही. जी बाई चाळीस वर्षं शिवणकाम करून रोज बाजारातून अस्तर आणि बटणं स्वतः निवडून आणायची, ती आठ महिने खिडकीतून लोकांची टकलं बघत बसली होती. तळमजल्यावर घर घेतल्याशिवाय ती जमिनीवर पाय ठेवणार नव्हती आणि मला रात्री नीट जेवण जाणार नव्हतं, इतकं ते सोपं होतं.

घर मिळालंही. पलीकडच्याच गल्लीत, तळमजला, नुकतंच नूतनीकरण केलेलं. मालक जुनी घरं घ्यायचा, चकचकीत करायचा आणि विकायचा. तो कुठल्याही ऋतूत पांढरे बूट घालायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव पांढरेबूट पडलं. घर बघताना एजंट आमच्या पुढे पुढे दारं उघडत होता. "वहिनी, हा ओटा बघा. वहिनी, हे ड्रॉवर बघा, आपोआप बंद होतात." माझ्या बायकोने तो ड्रॉवर अकरा वेळा उघडला आणि अकरा वेळा तो आपोआप बंद झाला. बाराव्या वेळेला मला कळलं की घर ठरलं. मागची खोली आईसाठी होती. तिच्या एका भिंतीवर फुलाफुलांचा वॉलपेपर होता आणि खोलीचं एक दार थेट अंगणात उघडत होतं. मध्ये एकही पायरी नव्हती.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. समोरचा माणूस काहीतरी लपवतो आहे असं धरून चालण्याचा मला सत्तावीस वर्षं पगार मिळतो. आणि त्या जुन्या घराच्या खाली, तिसऱ्या मजल्यावर, शेजारचे काका राहतात. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खात्याने त्यांना सोडलं तरी त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. आमचं घर ठरल्याची बातमी त्यांना आमच्या आधी कळली असावी, कारण मी जिन्यातून वर येत होतो तेव्हा ते दारात उभेच होते.

"नूतनीकरण केलेलं घर?" ते म्हणाले. "अरे, मग संपलंच."

"काय संपलं, काका?"

"नवीन घरात काय वाईट आहे ते दिसतं. जुन्या घरात तर दिसतंच दिसतं. नूतनीकरण म्हणजे दिसू नये म्हणून केलेला खर्च. तू काय काय तपासलंस?"

मी ड्रॉवरबद्दल सांगितलं. काकांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी आत जाऊन वही घेऊन आलो.

काकांनी सांगितलं ते सगळं मी लिहून घेतलं. फरशीला उतार आहे का ते गोटी सोडून बघायचं. फरशी पोकळ आहे का ते नाण्याने ठोकून ऐकायचं. सगळे नळ एकदम सोडायचे. सगळे दिवे एकदम लावायचे. नवीन रंगाचा वास ज्या भिंतीला जास्त येतो तिच्यावर जास्त संशय घ्यायचा. खोट्या छताच्या वर डोकं घालायचं. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, घर बाहेरून मोजायचं आणि आतून मोजायचं. "दोन्ही जुळले नाहीत," काका आवाज खाली आणून म्हणाले, "तर समजायचं की आत एक खोटी भिंत आहे. खऱ्या भिंतीला काहीतरी झालं की हे लोक तिच्यापुढे दुसरी उभी करतात."

रविवारी आम्ही गेलो. मी, बायको, काका, एक गोटी, एक नाणं, दोन बादल्या आणि काकांची पोलादी टेप. एजंटने किल्ली दिली आणि तो दारातच मोबाईल बघत उभा राहिला. सुरुवातीला त्याला वाटलं असेल, मुहूर्ताची पूजा वगैरे करणार असतील.

गोटी हॉलच्या मध्यावर सोडली तर ती हलली नाही. काकांनी तिला जरा ढकललं, तर ती गेली आणि नव्या ओट्याखालच्या फटीत शिरली. ती अजून तिथेच आहे. नळ एकदम सोडले तेव्हा पाणी सगळ्यांना आलं, पण स्वयंपाकघराचा नळ बंद करायला गेलेली बायको त्याची मूठ हातात घेऊन परत आली. खोट्या छताच्या वर मी डोकं घातलं आणि डोकं बाहेर निघेना, कारण जाताना कान आडवे आले नव्हते आणि येताना आले. पंधरा मिनिटं मी फक्त मानेपासून खालचा असा शिडीवर उभा होतो आणि खालून बायको एजंटला सांगत होती, "हे घरीसुद्धा असेच आहेत."

मग मोजमाप. बाहेरून लांबी काकांच्या टेपने मोजली. दोन्ही टोकांच्या भिंतींची जाडी वजा केली तर आत बरोबर तीस फूट भरायला हवं होतं. आम्ही आत शिरणार तेवढ्यात काकूंचा फोन आला आणि काका टेपसकट घरी गेले. काका पन्नास वर्षं पोलादी टेप वापरत आहेत, पण काकूंचा फोन आला की ती टेप आणि काका दोन्ही एकदमच गुंडाळले जातात. मी मात्र काम अर्धवट टाकणाऱ्यांतला नाही. बायकोच्या पर्समध्ये आईची शिवणाची कापडी टेप होती. पडद्यांची मापं घ्यायला आणली होती तिने. मी गुडघ्यांवर बसलो आणि पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं मोजलं, मधल्या भिंतींच्या जाडीसकट. एकोणतीस फूट तीन इंच भरलं.

पुन्हा मोजलं. एकोणतीस फूट तीन इंच.

नऊ इंच गायब होते.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणणं बरं दिसत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ घोटाळा माझ्या हाती आला नव्हता. नऊ इंच म्हणजे एक अख्खी वीट आडवी! खोटी भिंत! बायको म्हणाली, "अहो, मोजण्यात चुकलं असेल." मी नुसता हसलो. दावा फेटाळताना मी असाच हसतो, असं ऑफिसातले म्हणतात.

घराचा मूळ नकाशा बघायचा असं मी ठरवलं आणि सोमवारी अर्धी रजा टाकून नकाशांच्या कार्यालयात गेलो. खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी अर्ज दिला. त्यात 'घराशी नाते' असा रकाना होता आणि त्यापुढे मालक, वारस, भाडेकरू असे तीन पर्याय होते. मी तिन्ही खोडले आणि 'इच्छुक' असं लिहिलं.

बाईंनी अर्ज परत सरकवला. "इच्छुक असं नातं नसतं."

"पण मला घर घ्यायचंय. घेण्याआधी तपासायचंय."

"मालक व्हा, मग या."

"अहो, नकाशा बघितल्याशिवाय मालक कसा होऊ?"

"आणि मालक झाल्याशिवाय नकाशा कसा देऊ?" बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर आत्ताच्या मालकाची सही आणा. पुढचे."

हे उत्तर मला पाठ होतं. मी स्वतः ते रोज देतो. कागद आणल्याशिवाय दावा नाही आणि दावा केल्याशिवाय कागद नाही, असं मी विधवांनासुद्धा सांगितलेलं आहे. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ते इतकं संतापजनक वाटतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी 'पुढचे' म्हटलं असेन.

आता मालकाची सही हवी म्हणजे मालकाला कारण सांगणं आलं. मंगळवारी संध्याकाळी पांढरेबूट, एजंट, बायको आणि मी त्या घराच्या हॉलमध्ये जमलो. काकांनाही मी मुद्दाम साक्षीदार म्हणून आणलं होतं. मी उभा राहून बोललो. चांगलं बोललो, असं मला आजही वाटतं. "तुम्ही या घरातले नऊ इंच लपवले आहेत," असं मी म्हणालो. "त्या नऊ इंचांमागे काय आहे हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही. माझ्या आईला मी खोट्या भिंतीआड ठेवणार नाही."

पांढरेबूट पुढे आला. त्याने खिशातून स्वतःची पोलादी टेप काढली, एक टोक एजंटला दिलं आणि सगळं आतून मोजलं. तीस फूट. मग त्याने माझ्याकडची कापडी टेप मागितली आणि दोन्ही टेपा फरशीवर शेजारी शेजारी सरळ पसरल्या. आईच्या टेपेचे साठ इंच संपले तिथे पोलादी टेपेवर साडेएकसष्ट होते.

"ताणली गेलीये," एजंट म्हणाला. "जुनी आहे ना. लांबीत सहा वेळा लागली असेल. सहा वेळा दीड म्हणजे..."

"नऊ," काका म्हणाले. कशाला बोलले कोण जाणे! तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला गप्प बसणं एवढं तरी यायला हवं होतं.

मी दोन्ही टेपा उचलल्या. पांढरेबूट म्हणाला की त्याला आजवर कुणी चोर म्हटलेलं नाही, उद्या दुपारपर्यंत मी लेखी माफी मागितली तर व्यवहार होईल, नाहीतर दुसरं एक कुटुंब तयारच आहे. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." आणि ताठ मानेने बाहेर पडलो. पोलादी टेप त्याची होती, ती परत द्यायला मला गल्लीच्या तोंडापासून माघारी जावं लागलं, पण मान तेव्हाही ताठ होती.

घरी बायकोने भांडी आपटली नाहीत. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मी ओळखलं. "चार ओळी लिहायच्यात," ती म्हणाली. "तुम्ही रोज चाळीस लिहिता. नऊ इंचांसाठी आईंना आणखी आठ महिने खिडकीत बसवणार आहात का?"

"मी चोर म्हणालो नाही. लपवले म्हणालो."

"अहो!"

"माझं माप चुकलं असेल. मी चुकलो नाही."

हे वाक्य बोलताना मला पटलं होतं, पण ऐकताना तेवढं पटलं नाही. खरं सांगायचं तर मी कागद घेऊनच बसलो होतो. आई त्या खिडकीतच संपून जाईल, ही भीती मला आठ महिने होती, आणि माझा ताठा त्या भीतीपेक्षा मोठा नव्हता. 'आपल्यात झालेल्या गैरसमजाबद्दल' इथपर्यंत लिहिलं होतं. गैरसमज कुणाचा ते मोघम ठेवलं होतं.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "माझ्या टेपेला कोण काय म्हणालं?"

बायकोने सगळं सांगितलं. ताणली गेली आहे, दीड इंच खोटी आहे, वगैरे. आई वॉकर टेकत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाहेरून कशाने मोजलंस?"

"काकांच्या टेपने."

"आणि आतून?"

"तुझ्या."

"गाढवा," आई म्हणाली. मी चोपन्न वर्षांचा आहे. "एका कपड्याला दोन टेपा लावतात का? चाळीस वर्षं मी माणसाचं अंग याच टेपने मोजलं आणि कापडही याच टेपने. माझा एक शर्ट कुणाला सैल झाला? एक झगा कुणाला घट्ट झाला? टेप ताणली तर दोन्हीकडे ताणली. टेप खोटी नाही. तुला कापता येत नाही."

मी कागद पुढे ओढला.

"ते काय लिहितोस?"

"माफी."

"ठेव तो कागद. तो पांढऱ्या बुटांचा माणूस माझ्या टेपेला खोटी म्हणाला. मी येते त्याच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिन्याने जे पाहिलं ते जिना विसरायचा नाही. आईने मला, काकांना आणि मदतीला धावलेल्या सगळ्यांना चार पायऱ्या दूर उभं केलं. मग ती पहिल्या पायरीवर बसली. तिथून दुसरीवर सरकली. तिथून तिसरीवर. बहात्तर पायऱ्या ती बसून उतरली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि प्रत्येक दाराला ती सांगत होती, "काही नको. माझं मी उतरते." मी वॉकर घेऊन मागे चालत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. काकांनी ते बघितलं आणि लगेच जिन्यातल्या पाण्याच्या पाइपाबद्दल बोलायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

पलीकडच्या गल्लीत पोचायला पाऊण तास लागला. पांढरेबूट दारात होता. आई थेट त्याच्या पुढ्यात गेली. "टेप माझी आहे. मुलगा माझा आहे. दोघांनाही काय बोलायचं ते मला बोला." तो गडबडला. "आजी, या, बसा, घर तरी बघा," असं काहीतरी म्हणाला, आणि आई घर बघायला निघाली.

ओट्याकडे तिने पाहिलं नाही. ड्रॉवर एजंटने आपोआप बंद करून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "माझा हात बंद करतो." मग ती मागच्या खोलीत गेली, फुलांच्या भिंतीपुढे उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. मला वाटलं, थकली.

"हे कुणी लावलं?" तिने विचारलं.

"आमचा कारागीर, आजी. इम्पोर्टेड कागद आहे."

"कारागीर चांगला आहे. बघ, जोडावर फूल फुलाला कसं लावलंय. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं, सुतभर हललेलं नाही." ती वॉकर टेकत डावीकडच्या कोपऱ्यात गेली. "आणि इथे खाली हातभर जागेत फुलं जुळत नाहीत. ज्याला जमतं तो असं करत नाही. हे नंतर लावलंय. घाईत. दुसऱ्या तुकड्याचं." तिने वळून मालकाकडे पाहिलं. "हे ठिगळ आहे."

"आजी, डिझाइनमध्येच..."

"मला ठिगळ ओळखता येतं. मी आयुष्यभर दिसणार नाहीत अशी ठिगळं लावली."

तिने नखाने कडा उचलली आणि शिवण उसवावी तशी एका ओढीत खालपर्यंत नेली. मागची भिंत काळी होती. काळी, ओली आणि फुगलेली. प्लास्टरचा एक मोठा पापुद्रा सावकाश सुटला आणि पांढऱ्या बुटांवर पडला.

काकांनी खाली वाकून बोट लावलं, वास घेतला आणि जाहीर केलं की वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा पाइप फुटलेला आहे, निदान वर्षभरापासून. या वेळी त्यांचं बोलणं मला आवडलं. मी खिशातला माफीचा कागद काढला, मागची कोरी बाजू वर केली आणि पेन उघडलं. पाइप बदलणे, भिंत विटेपर्यंत उघडणे, महिनाभर सुकवणे, मग नवीन प्लास्टर. सगळं मालकाकडे. 'गैरसमज' हा शब्द कुठेही वापरला नाही. पांढरेबूट म्हणाला की दुसरं एक कुटुंब तयार आहे. "बोलवा त्यांना," आई म्हणाली. "मी भिंत दाखवते." आणि ती खोलीतल्या एकुलत्या एका स्टुलावर बसली.

"आई, चल घरी. संध्याकाळपर्यंत हे करतील विचार."

"मी पुन्हा वर जाणार नाही."

"अगं, घर अजून आपलं नाही."

"मग कर आपलं. मी बसले आहे."

ती बसली. दुपारी बायकोने डबा आणला, काकूंनी उशी पाठवली, गल्लीतल्या दोघी-तिघी ओळख करून घ्यायला आल्या आणि आईने प्रत्येकीला आधी भिंत दाखवली. चार वाजता पांढरेबुटाने सही केली. त्याने माझ्याकडे माफीचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. तेव्हा ज्यांना मी हात जोडलेले दिसले त्यांनी चष्म्याचा नंबर तपासावा. भिंत सुकेपर्यंत आई काकूंच्या तळमजल्यावरच्या बहिणीकडे राहिली. वर मात्र गेली नाही.

घरात राहायला आलो त्याच्या पहिल्या सकाळी मी नवीन नळाची मूठ तिसऱ्यांदा बसवत होतो. मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. आई वॉकर घेऊन दारात उभी होती. केस विंचरलेले, पायात चपला, हातात पिशवी.

"येते जाऊन," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुला काय करायचंय?" आई म्हणाली, आणि गेली.